यादीत नाव आहे

१

"काका, तुमचं ऑपरेशन झालंय की."

चौकशीच्या खिडकीतल्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा शिंपीकाकांच्या उजव्या डोळ्याला कुणी हातही लावलेला नव्हता. मोतीबिंदू पांढराफटक दिसत होता आणि दोन दिवस ठणकून डोळा लाल झाला होता. आठ महिने ते नंबराची वाट बघत होते. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांना तो दिसेना, म्हणून रांगेतल्या एका बाईनं वाचून दाखवलं. नाव तेच, आडनाव तेच, पुढे 'झाले' अशी हिरवी खूण आणि तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

तासाभरानं डॉक्टरांनी डोळा तपासला. मोतीबिंदू पिकून फुगला होता, आतला दाब वाढला होता आणि नस गेली होती. तो डोळा आता परत येणार नव्हता. डावा वाचेल, पण त्यालाही फार थांबता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मला हे सोमवारी कळलं. मी त्या धर्मादाय दवाखान्यात नोकरीला नाही. तीन महिन्यांपूर्वी मी तिथल्या चार माणसांना पाच शनिवार एक्सेल शिकवलं होतं, एवढाच संबंध. शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि माझी जीभ जरा तिखट आहे, असं माझे विद्यार्थी माझ्यामागे म्हणतात. ते खरं आहे.

"मॅडम, तात्यांनी यादीतल्या जागा विकल्यात," व्यवस्थापक फोनवर म्हणाले. "या शिंप्याच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं तरी ऑपरेशन उरकलंय. आणि हा एकटाच नाही. कागदी रजिस्टरमध्ये चारशे अडुसष्ट माणसं आहेत, कॉम्प्युटरमध्ये चारशे सत्तावन्न. अकरा माणसं गायब! पुरावा मशीनमध्ये असणार. तेवढा काढून द्या."

"आणि पुरावा तात्यांच्या विरुद्ध नसला तर?"

"शनिवारी विश्वस्तांची बैठक आहे," ते म्हणाले. "त्यांना घरी पाठवायचं ठरल्यातच जमा आहे."

तात्या म्हणजे नोंदणीचे कारकून. सव्वीस वर्षं ती यादी त्यांच्याच हातात होती आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चोर म्हणून घरी जायचं की नाही, हे आता माझ्यावर येऊन पडलं होतं.

२

नोंदणीची खोली लांबट आहे. एका टोकाला खिडकी, तिच्यापाशी कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला तात्यांचं टेबल आणि त्यावर पाटाएवढं रजिस्टर. कॉम्प्युटरचा पासवर्ड सगळ्यांना एकच, आणि तो पडद्याखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. वर्गात मी यावरून सगळ्यांना झापलं होतं. चिठ्ठी जागची हलली नव्हती.

खिडकीतल्या मुलीचे डोळे रडून रडून सुजले होते. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं.

"ते काका तीनदा आले होते, मॅडम. पहिल्या दोन वेळा मी नाव शोधलं, सापडलं. म्हटलं, यादीत नाव आहे, पत्र येईल. मी खोटं नाही बोलले. नाव होतंच."

"पत्र गेलं का?"

"गेलं ना. त्याच नावानं गेलं. तारीख आली की यादीवरून पत्रं छापतात."

"पत्ता बघितलास?"

"नाही, मॅडम." पत्त्याचा रकाना वेगळ्या शीटमध्ये होता आणि पाकिटं शिपाई चिकटवत असे. बोलता बोलता तिनं माउस टेबलाच्या डाव्या कडेवरून उचलून उजवीकडे ठेवला.

"रोज जेवून येते तर हा पलीकडे गेलेला असतो," ती पुटपुटली. "झाडणारे कशाला हात लावतात कोण जाणे."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे दोन दिवस त्याबद्दल मला स्वतःचाच राग येत होता.

मोठ्या सिस्टर ऑपरेशनच्या भागात असतात. त्यांच्याशी बोलायचं तर हात धुण्याच्या बेसिनपाशी उभं राहून बोलावं लागतं.

"तात्या आणि जागा विकणार?" त्या म्हणाल्या. "त्या माणसानं स्वतःच्या सख्ख्या बहिणीला पाच महिने रांगेत ठेवलं होतं. मीच भांडले होते त्यांच्याशी."

"मग अकरा माणसं गेली कुठं, सिस्टर?"

"ते तुम्ही शोधा. मला एवढंच माहीत आहे की यादी फक्त वाढते. ऑपरेशन झालं तरी नाव काढत नाहीत, खूण करतात. तरी एका आठवड्यात ती आखडली होती." त्यांनी हात पुसले आणि खिळ्याला अडकवलेल्या कागदांचा गठ्ठा उतरवला. दर मंगळवारी आणि गुरुवारी त्या यादीची प्रत छापून घेत. "हा बघा मंगळवार. चारशे बारा. आणि हा त्याच आठवड्यातला गुरुवार. चारशे एक. मी तेव्हाच विचारलं होतं. व्यवस्थापक साहेब म्हणाले, छापताना पान राहिलं असेल."

मी तारखा पाहिल्या. अकरा माणसं दोन कागदांच्या मधल्या बुधवारी गेली होती, आणि सगळी एकदम.

तो माझ्या पाचव्या शनिवारनंतरचा पहिलाच बुधवार होता.

३

व्यवस्थापकांनी मला चहा दिला आणि स्वतःचं कौतुक ऐकवलं. रजिस्टर कॉम्प्युटरवर आणायची कल्पना त्यांची. शीट त्यांनी स्वतः आखली होती, नाव, वय, डोळा, तारीख, खूण, असे पाच सुटसुटीत रकाने. अनुक्रमांक आपोआप पडायचा, म्हणजे एखादी ओळ गेली तरी आकडे सलग दिसत. ही त्यांना सोय वाटत होती.

"रजिस्टरमधलं सगळं घेतलंत?"

"कामाचं तेवढं घेतलं. तात्या समासात पेन्सिलीनं काय काय खरडतात, तो कचरा सोडला."

"त्या बुधवारी तुम्ही कुठं होता?"

"दर बुधवारी विश्वस्तांकडे असतो. दिवसभर." मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्हाला तात्यांची चौकशी करायला बोलावलंय, मॅडम."

खिडकीतली मुलगी त्या बुधवारी रजेवर होती. हजेरीपत्रकात तसं लिहिलं होतं. सिस्टर बुधवारी सकाळी आठ ते चार ऑपरेशनमध्ये असतात आणि त्याला डॉक्टरांसकट सहा साक्षीदार होते. राहता राहिले तात्या.

ते रजिस्टर पुढ्यात घेऊन ताठ बसले होते. शर्टाचं वरचं बटणही लावलेलं.

"तात्या, तुम्ही कॉम्प्युटरवर काम करता?"

"नाही." ते फार पटकन म्हणाले. "मी मशीनला हात लावत नाही. वर्गात पाहिलंत ना माझं काय झालं ते."

पाहिलं होतं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी साऱ्या शीटभर एकच नाव ओढत नेलं होतं, आणि सगळे हसले होते. मीही हसले होते. मी तर वर म्हणाले होते, "तात्या, पेन्सिल बरी हो तुमची."

"एकाही माणसाला यादीतून काढलंत का कधी?"

"देवाशपथ नाही, बाई." आता त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "माणूस मेल्याचं कळलं तरी मी नाव खोडत नाही. बाजूला लिहितो."

पहिलं उत्तर देताना त्यांनी नजर चुकवली होती. दुसऱ्या वेळी नाही. मी त्या दोन उत्तरांवर बराच वेळ विचार केला.

मग मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पडद्यासमोर बसले. कोणती अकरा माणसं गेली, हे अजून कुणी नावानिशी बघितलंच नव्हतं. सगळ्यांनी नुसती बेरीज केली होती. मी रजिस्टरमधलं एकेक नाव वाचून कॉम्प्युटरमध्ये शोधायचं आणि सापडलं की कागदावर टिंब द्यायचं, असं सुरू केलं. मंगळवार गेला, बुधवारची दुपार झाली.

शेवटचं टिंब दिलं आणि मी खुर्चीत मागे रेलले. रजिस्टरमधल्या चारशे अडुसष्ट नावांपैकी एकूण एक नाव मला कॉम्प्युटरमध्ये सापडलं होतं. एकही गायब नव्हतं.

४

चारशे सत्तावन्न ओळींत चारशे अडुसष्ट नावं कशी मावली?

मी परत मोजलं. तेवढंच भरलं. माझं डोकं भणभणायला लागलं, म्हणून मी रजिस्टर नुसतंच चाळायला घेतलं आणि पहिल्यांदा समासाकडे पाहिलं. साहेबांच्या भाषेतला तो कचरा. बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात प्रत्येक नावापुढे एकदोन शब्द होते. 'काठीवाले'. 'नात सोबत येते'. 'मोठ्याने बोलतात, रागावू नये'. 'पायऱ्या चढवत नाहीत'.

शिंपीकाकांचं नाव सत्याण्णवाव्या ओळीत होतं. समासात लिहिलं होतं, 'शिवणकाम'. मी दोन पानं मागे गेले. बासष्टाव्या ओळीत तेच नाव, तेच आडनाव. समासात, 'रखवालदार'.

एकाच नावाची दोन माणसं. कॉम्प्युटरमध्ये मात्र ते नाव एकदाच होतं. मी दोघांचीही टिंबं त्या एकाच ओळीला बघून दिली होती.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. रजिस्टरमध्ये एकाच नावाची दोन माणसं असलेल्या अकरा जोड्या निघाल्या. प्रत्येक जोडीतला आधी नोंदलेला माणूस कॉम्प्युटरमध्ये होता आणि नंतर नोंदलेला नव्हता. अकराही वेळा तेच. बारावी एक जोडी होती, पण तिची दुसरी नोंद त्या बुधवारनंतरची होती. ती दोन्ही माणसं शाबूत होती.

जागा विकणारा माणूस असं करत नाही. तो कुणाला तरी आत घुसवतो. इथं कुणीच घुसलेलं नव्हतं, खालच्या ओळी नुसत्या वर सरकल्या होत्या. रखवालदाराला त्याच्याच पत्त्यावर पत्र गेलं होतं आणि त्याचं ऑपरेशन त्याच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या नंबरानं रीतसर झालं होतं. शिंपीकाका खिडकीशी येऊन नाव विचारत आणि मुलगी बिचारी रखवालदाराची ओळ बघून खरं तेच सांगत होती.

हे कुणी लबाडीनं केलेलं नव्हतं. एकसारखी नावं शोधून पहिलं ठेवायचं आणि बाकीच्या ओळी पुसायच्या, हे काम कॉम्प्युटरचं एक बटण करतं. ते बटण मी पाचव्या शनिवारी शिकवलं होतं. ऑफिसच्या सामानाची यादी घेतली होती, टाचण्या दोनदा, पंच दोनदा. घरी न्यायला मी टिपणाचा कागद दिला होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'फक्त नावाच्या रकान्यावर टिक ठेवा. बाकीच्या टिका काढा. ओके दाबा. यादी स्वच्छ.'

टाचण्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं. माणसांची यादी घेतली तर काय होईल, हे मी सांगितलं नव्हतं. माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या खोलीत बसून मला स्वतःची लाज वाटली.

आता एकच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर मला नको होतं. बटण दाबलं कुणी? मी समोर पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत मी उठून गेले होते तेव्हा कुणीतरी टेबल वापरलं होतं. परत आले तेव्हा माउस डाव्या कडेला होता, आणि मीच तो न बघता उजवीकडे घेतला होता.

समासातलं ते डावीकडे कललेलं अक्षर मी पुन्हा एकदा पाहिलं.

५

तात्या कपाटाजवळ उभे राहून पेन्सिल तासत होते. पेन्सिल डाव्या हातात होती.

"तात्या, दार लावते. बसा."

ते बसले नाहीत.

"जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कॉम्प्युटरवर बसता."

त्यांचा चेहरा उतरला. मग हळूच, चोरी पकडलेल्या मुलासारखे, ते थोडे हसले. "कळलं का तुम्हाला? रोज बसतो, बाई. तीन महिने झाले. तुमचे कागद समोर ठेवून. हसले होते ना सगळे, म्हटलं, पुरतं आलं की एकदम दाखवीन. म्हणून नाही म्हणालो तुम्हाला. एवढंच खोटं बोललो."

"त्या पहिल्या बुधवारी काय केलंत, आठवतं?"

"आठवतं की! त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी साधलं होतं." त्यांचे डोळे चमकले, आणि ती चमक मला बघवेना. "यादी स्वच्छ केली. मशीननं सांगितलं, अकरा दुबार नोंदी काढल्या. म्हटलं, या पोरीनं अकरा नावं दोनदा चढवली होती आणि मी पकडली. फार बरं वाटलं, बाई. घरी जाऊन बायकोला सांगितलं."

मी रजिस्टर उघडून बासष्टावी ओळ दाखवली, मग सत्याण्णवावी. दोन्ही समासांवर बोट ठेवलं.

पेन्सिल त्यांच्या हातातून खाली पडली. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाची दुसऱ्याशी गल्लत केली नव्हती, कारण समास डोळ्यांसमोर असायचा. पडद्यावर समास नव्हता.

"ती दुबार नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती."

"मीच शिवणकाम लिहिलंय. माझ्यासमोर बसून सांगितलं होतं त्यांनी, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून."

"तात्या, चूक तुमच्या एकट्याची नाही. समास साहेबांनी गाळला. टिपण माझं होतं."

"बटण मी दाबलं ना?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," म्हणाले.

ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

६

शनिवारच्या बैठकीत मी सगळं मांडलं, जोड्या, दोन छापील प्रती, माझ्या टिपणाचा कागद. बटण कुणी दाबलं तेवढं सांगितलं नाही. ते ज्याचं त्यानं सांगायचं होतं. विश्वस्तांनी सुटकेचा श्वास टाकला. चोरी नव्हती, म्हणजे गवगवा नव्हता. व्यवस्थापकांनी तर लगेच वाक्यही तयार केलं, 'यंत्रातील बिघाडामुळे'.

"बिघाड नाही," तात्या उभे राहिले. "माझ्या हातून झालं."

"तात्या, विषय मिटलाय," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "कशाला ओढवून घेता? चौदा महिने गुपचूप काढा."

"शिंपीकाकांना कुणी सांगितलंय का?"

कुणीही सांगितलेलं नव्हतं. तात्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. राजीनामा होता. मग ते चपला घालून बाहेर पडले आणि मी त्यांच्यामागे गेले.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा होती. मशीनवर कापड नव्हतं. शिंपीकाका स्टुलावर बसले होते, त्यांची सून काज करत होती. आवाजावरून त्यांनी तात्यांना ओळखलं आणि बसायला सांगितलं. तात्या उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, आडवळण न घेता. माझं नाव घेतलं नाही, साहेबांचंही नाही. मी मध्ये बोलू लागले तर हातानंच थांबवलं. शेवटी म्हणाले, "मी नोकरी सोडून आलोय."

सुनेची सुई थांबली होती.

"माझ्या नावाच्या त्या दुसऱ्याला दिसतं का आता?" शिंपीकाका म्हणाले.

"दिसतं."

"बरं." मग त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे दहा?"

"सहा जणांना फोन लागला," मी सांगितलं. "सोमवारपासून त्यांची ऑपरेशनं आहेत, तुमच्या डाव्या डोळ्याबरोबरच. चौघांचा फोन नाही. पत्त्यावर गेलो, पण ते तिथं राहत नाहीत."

"त्यांना बघितलंय कुणी?"

"मी," तात्या म्हणाले. "नोंदणीला माझ्यासमोरच बसतात सगळे."

"म्हणजे रस्त्यात दिसले तर ओळखाल?"

"ओळखीन."

शिंपीकाकांनी चांगला डोळा आवाजाच्या दिशेनं वळवला. त्यांच्या आवाजात राग होता.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, तात्या. होईल की नाही, माहीत नाही. पण त्या चौघांचे डोळे आज तरी शाबूत असतील, आणि त्यांना ओळखणारा माणूस नोकरी सोडून माझ्या दुकानात रडत उभा राहतो? जा. कागद परत घ्या आणि त्यांना शोधा."

तात्यांनी बाहीनं डोळे पुसले. बाहेर आल्यावर ते दवाखान्याकडे वळले नाहीत.

"त्यातल्या एक बाई भाजी विकतात," ते म्हणाले. "घर बदललं असेल, पण मंडईतली जागा नाही बदलणार. आता दुपारी तिथंच असतील. चला, बाई."

आणि माझी वाट न बघता ते भराभर चालू लागले.